राऊटर जळतो तो कशानं? आणि उपग्रहाची छत्री घ्यावी का?

पत्र :

स. न. वि. वि. आम्ही दोघं गुहागर तालुक्यात गावच्या घरी असतो. घर जांभ्याचं, कौलारू. समुद्र चालत दहा मिनिटांवर. मुलगा ठाण्याला. तो रोज सकाळी एखादी बातमी पाठवतो : उपग्रहावरून इंटरनेट येणार, टीव्ही आपल्याशी बोलणार, फ्रिज दूध संपल्याचं स्वतःच सांगणार. ती वाचून होईपर्यंत इथे लाईट गेलेली असते. गेल्या जुलैत रात्री पाऊस-वारा होता. दिवे एकदम भगभगले आणि फ्रिज, राऊटरचा अडॅप्टर नि तीन बल्ब गेले. शेजारच्या दोन घरांतही तेच झालं. ऑक्टोबरात एका संध्याकाळी वीज कडाडली, तर नवा राऊटर आणि डिशचा बॉक्स गेला. दोन्हींची बटणं बंद होती. आता गणपतीत मुलगा ५५ इंची टीव्ही आणि उपग्रहाच्या इंटरनेटची छत्री आणतो म्हणतोय. आणू द्यावी का? त्या बातम्या वाचून आपण फार मागे राहिलो असं वाटत राहतं. ता. क. भिजलेला फोन तांदळात ठेवू नये, अशीही बातमी त्याने पाठवली. खरं का?
– एक वाचक, ता. गुहागर

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही महिने लिहिलेत हे फार बरं केलंत. जुलैत वस्तू जळल्या आणि ऑक्टोबरातही जळल्या, पण ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे. बहुतेक घरांत दोन्हींना ‘वीज पडली’ असंच म्हणतात, बाजारातून एक स्पाइक गार्ड आणतात, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच होतं.

आधी जुलै. ऐन पावसाळ्यात आपल्याकडे ढगांचा गडगडाट कमी असतो; विजा जास्त करून मे-जूनच्या सुरुवातीला, वळिवाच्या वेळी, आणि मग परतीच्या पावसात. जुलै-ऑगस्टात असतो तो वारा, आणि तारांवर पडणाऱ्या फांद्या. दिवे आधी भगभगले आणि शेजारच्या घरांतही वस्तू गेल्या, यावरून जवळजवळ नक्की सांगता येतं की त्या रात्री डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) तुमच्या वाडीपर्यंत कुठेतरी न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार तुटली किंवा तिचा जोड सुटला.

डीपीवरून वीज आणणारे तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा येतात. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. तुमचं घर एका फेजवर, शेजारचं दुसऱ्या फेजवर. न्यूट्रल शाबूत असतो तोवर प्रत्येक घराला आपापले २३० मिळतात. तो तुटला की ही घरं ४०० व्होल्टवर एकामागोमाग एक ओवल्यासारखी होतात. मग ज्या घरात गीझर, पंप असा मोठा भार चालू असेल त्याच्याकडे व्होल्टेज पडतं आणि ज्या घरात दोन बल्ब आणि राऊटर एवढंच असेल त्याच्याकडे ते साडेतीनशेच्याही वर जातं. रात्री दोनच माणसांचं घर म्हणजे भार कमीच. म्हणून तुमच्याकडे जास्त जळलं.

इथे बोर्डातला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, पडत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. एमसीबी प्रवाह किती वाहतो ते पाहतो, व्होल्टेज पाहत नाही. त्यासाठी वेगळं उपकरण मिळतं, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीसारखंच त्याच पट्टीवर बसतं, आकाराने जरा रुंद. घरच्या सिंगल फेज जोडणीला ४० अँपिअरचं पुरतं. मेन स्विचनंतर लगेच बसवून घ्या. त्यात वरची मर्यादा २७० व्होल्ट आणि खालची १७० ठेवा, आणि लाईट परत आल्यावर घर जोडण्याआधी थांबायचा वेळ तीन मिनिटं ठेवा. फ्रिजचा कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू झाला तर अडकतो आणि तापतो. तीन मिनिटांत त्याच्यातला वायूचा दाब उतरतो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज नेहमीच १७० च्या खाली जात असेल तर खालची मर्यादा आणखी उतरवावी लागेल, नाहीतर घर सारखं बंद पडेल आणि कंटाळून कोणीतरी ते उपकरणच काढून टाकेल. असं फार घरांत होतं.

उपकरण बसेपर्यंत एक खूण ध्यानात ठेवा. घरातले दिवे प्रखर आणि शेजारचे मिणमिणते, किंवा पंखा अचानक जोरात, असं दिसलं की बाकी काही न पाहता मेन स्विच पाडायचा. मग महावितरणला १९१२ वर कळवायचं. शेजाऱ्यांनाही हाक मारायची, कारण त्यांच्याकडेही तेच चालू असतं.

आता ऑक्टोबर. ती खरी वीज. बटण बंद असूनही वस्तू का गेली, हा प्रश्न रास्त आहे. भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, तेही काही मिलिमीटरच्या फटीने. जी वीज ढगातून काही किलोमीटर हवा फोडून येते, तिला ती फट काहीच नाही. शिवाय न्यूट्रल आणि अर्थ (जमिनीत उतरवलेली तार) जोडलेलेच राहतात. डिशच्या बॉक्सला तर दुसरी वाटही आहे, छपरावरच्या छत्रीतून उतरणारी केबल. ती बटणाने बंद होतच नाही. म्हणून प्लग खेचून काढायचा आणि बॉक्समागची केबलही पिळून सोडवायची. टीव्हीचा प्लग काढला, केबल तशीच राहिली, तर बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेने टीव्हीपर्यंत धक्का पोचतो. ५५ इंची टीव्ही आल्यावर हे फार महाग पडेल.

प्लग कधी काढायचे, हेही महत्त्वाचं. पहिला गडगडाट कानावर आला तेव्हाच. लखलखाट आणि आवाज यांच्यातले सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजेची सूचना देतं. ते तुम्हा दोघांच्या फोनवर असू द्या. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर मात्र बोर्डाकडे जाऊ नका, तारेला हात लावू नका. राऊटर दोन हजारांचा असतो, त्याच्यासाठी जीव धोक्यात घालू नये.

राऊटरपुरता एक सोपा उपाय आहे. तुमच्याकडे फायबर असेल तर ती तार काचेची, तिच्यातून वीज येत नाही. पूर्वीच्या तांब्याच्या टेलिफोन लाईनवर मोडेम दर पावसात का जायचे आणि आता कमी का जातात, त्याचं कारण हेच. फायबरच्या राऊटरला धक्का बसतो तो अडॅप्टरच्या बाजूने. १२ व्होल्टचा छोटा लिथियम मिनी यूपीएस मिळतो. राऊटर साधारण १० वॅट घेतो. यूपीएसमध्ये ३७ वॅट-तासांची बॅटरी असेल (खोक्यावर बहुधा १०,००० एमएएच लिहिलेलं असतं) तर घट धरून तीन तास सहज निघतात. गडगडाट झाला की यूपीएसचा प्लग भिंतीतून काढायचा. राऊटर बॅटरीवर चालू राहतो आणि विजेच्या तारांशी त्याचा संबंधच उरत नाही. फक्त दोन गोष्टी पाहायच्या. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून त्याच्याशी जुळणारा घ्यायचा. आणि फायबरच्या काळ्या वेष्टनात आधारासाठी पोलादी तार असते, ती खांबापासून घरापर्यंत येते. ती बाहेरच, पागोळीशी क्लँपला थांबवून कापायला सांगा. आत फक्त काच यावी. पुष्कळ वेळा जोडणारा मुलगा घाईत ती तशीच राऊटरपर्यंत नेतो.

जुलैतला राऊटर टाकून दिला नसेल तर जपून ठेवा. अडॅप्टरच गेला असेल तर राऊटर बहुतेकदा शाबूत असतो. दीड-दोनशे रुपयांत त्याच मापाचा अडॅप्टर मिळतो.

स्पाइक गार्डबद्दल थोडं. त्याच्या आत एक छोटी चकती असते, ती जादा व्होल्टेज अर्थकडे वळवते. अर्थिंगच नसेल तर वळवणार कुठे? आणि प्रत्येक धक्क्याने ती चकती झिजते. दिवा लागलेला दिसतो पण आत काही उरलेलं नसतं. त्यापेक्षा मेन बोर्डात टाइप २ चं सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे असा धक्का अर्थकडे वळवणारं उपकरण, बसवा. आपल्याकडे व्होल्टेज चढतं म्हणून २७५ पेक्षा ३२० व्होल्टचं घ्या. त्यापासून अर्थच्या पट्टीपर्यंतची तार ६ चौरस मिलिमीटरची, सरळ, अर्ध्या मीटरहून आखूड हवी. तारेचं वेटोळं ठेवलं तर धक्का तिथेच अडतो आणि उपकरणावर जातो. त्याच्या खिडकीत हिरवं दिसतं तोवर ते ठीक. लाल झालं की बदलायचं. घरावर किंवा माडावर थेट वीज पडली तर मात्र यातलं काहीही वाचवेलच असं नाही. तेव्हा काढलेला प्लगच खरा.

या सगळ्याचं मूळ अर्थिंगमध्ये आहे आणि कोकणात नेमकं तिथेच बिघडतं. जांभा सच्छिद्र. पावसात पाण्याने भरतो, मे महिन्यात खडखडीत वाळतो. खड्ड्यात कोळसा-मीठ घालतात, पण अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस ते मीठ दोन-तीन वर्षांत धुऊन नेतो, आणि असतं तोवर ते पाइपालाच खातं. रीतसर अर्थिंग म्हणजे ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप उभा पुरलेला. खाली कातळ लागला तर अर्धाच पुरून वर सिमेंट ओतणारे आहेत. तसं होऊ देऊ नका. कातळ असेल तर बोअर मारून पाइप उतरवायचा किंवा चरात आडवी पट्टी घालायची. जागा न्हाणीच्या पाण्याजवळ किंवा विहिरीच्या बाजूला, जिथे जमीन उन्हाळ्यातही ओल धरते. भोवती मिठाऐवजी बेंटोनाइट मातीचं मिश्रण भरा. ते ओल धरून ठेवतं आणि पाइप खात नाही.

अर्थिंगच्या रोधाची मोजणी मे महिन्यात करून घ्यायची, जमीन सगळ्यात कोरडी असते तेव्हा. अर्थ टेस्टर असलेला वायरमन बोलवा. ५ ओहमच्या खाली आलं तर उत्तम. जुलैत मोजलं तर कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं. पाइपाला तार जिथे बोल्टने आवळलेली असते तो जोड दर वर्षी उघडून पाहा. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवं आणि लोखंडावर तांबडं चढतं आणि वरून घट्ट दिसणारा जोड आतून सुटलेला असतो. पॉलिशपेपरने घासून, आवळून, वर पेट्रोलियम जेली लावायची. हे काम आगोटीच्या यादीत धरा, लाकूडफाटा आणि पापड-सांडग्यांबरोबर.

एक गोष्ट मात्र वायरमनला तोंडावर विचारा : प्लगमधल्या अर्थच्या भोकाला खरी अर्थची तार आहे, की न्यूट्रलच वळवून जोडला आहे? जुन्या घरांत असा जुगाड सापडतो. टेस्टरने सगळं बरोबर दिसतं. पण जुलैसारखा न्यूट्रल तुटला की फ्रिजचं, मिक्सरचं, पंपाचं अंगच फेजवर येतं. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून त्याला हात लागला तर माणूस जातो. म्हणून बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की पडणारा खटकाही हवाच. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते पाहायचं.

आता उपग्रहाची छत्री. बातमी खरी आहे. २०२५ च्या जूनमध्ये असं इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. पण बातमीत वेग लिहिलेला असतो, वॅट लिहिलेले नसतात. अशी छत्री सतत ७५ ते १०० वॅट घेते. तुमच्याकडे १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी असेल तर १२ व्होल्टने १८०० वॅट-तास होतात. बॅटरी टिकवायची असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. एकटी छत्री ते नऊ-दहा तासांत संपवेल, पंखा-दिवे धरले तर पाच-सहा तासांत. फायबरचा राऊटर तेवढ्यावर तीन दिवस चालतो.

दुसरं, तिला मोकळं आकाश लागतं, आणि एका दिशेलाच नाही, बरंच रुंद. टीव्हीची छत्री एकाच जागच्या उपग्रहाकडे पाहत बसते, माडांच्या फटीतूनही तिचं भागतं. हे उपग्रह सतत सरकत असतात. माड-पोफळींच्या वाडीतल्या घराला दर काही सेकंदांनी झावळ आड येईल आणि बोलता बोलता कॉल तुटेल. तिसरं, जोरदार पावसात टीव्हीचं चित्र जातं हे तुम्ही पाहतच आला आहात. ही छत्रीही त्याच लहरींच्या पट्ट्यात काम करते. उपग्रह जवळ असल्याने ती थोडं जास्त सहन करते, पण मुसळधार पावसात तीही अडखळणारच. म्हणजे नेमकी गरज असेल त्या दिवशी.

तेव्हा तुमच्या दारात फायबर असेल तर ही छत्री घेऊ नका. सड्यावर, धनगरवाड्यावर, जिथे ना तार जाते ना टॉवरची रेंज आणि वर आकाश मोकळं आहे, तिथे ती मोठं काम करेल. ती बातमी त्यांच्यासाठी आनंदाचीच आहे. घरात रेंज कमी पडत असेल तर कारण बहुधा जांभ्याची भिंत असते. राऊटर पडवीतून काढून माजघरात उंचावर ठेवा आणि लांबच्या खोलीतल्या फोनला वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण जाड भिंतीत ते विरतं.

टीव्ही आणू द्या, पण अर्थिंग आणि बोर्डाचं काम झाल्यावर. ठाण्याहून खोकं घेऊन येण्यापेक्षा चिपळूणला किंवा रत्नागिरीला घ्यावा, आणि दुकानात एकच प्रश्न विचारावा : बिघडला तर आमच्या पिनकोडवर माणूस घरी येतो का? पॅनेल गेलं तर ५५ इंची टीव्ही गाडीत घालून घाटरस्त्याने नेताना पुन्हा फुटतो. बहुतेक वॉरंटीत वीज आणि व्होल्टेजने झालेलं नुकसान धरलेलं नसतं, तेही कार्डावर वाचून घ्या. पश्चिमेच्या भिंतीवर तो लावू नका, ती पावसात आतपर्यंत ओलावते. भिंतीपासून चार बोटं तरी अंतर हवं. प्लॅस्टिकचं आवरण घालू नका, आत दमट हवा कोंडते. सुती कापड बरं. आणि पावसाळ्यात रोज तासभर लावाच, पाहायचं काही नसलं तरी. समुद्रावरून येणारं मीठ सर्किटवर बसतं, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ पाणी ओढून ओलं होतं. आपल्याकडे पावसाचे चार महिने ती त्याच्या वरच असते. चालू टीव्हीची ऊब आतलं सर्किट कोरडं ठेवते. बंद घरांतले टीव्ही वापरलेल्या टीव्हींपेक्षा आधी जातात ते यामुळेच.

मागे राहिल्याचं वाटतं म्हणता, त्याबद्दल. लाईट जात नाही, हवा खारी नाही आणि दुरुस्तीचा माणूस खाली रस्त्यावर आहे, असं घर डोळ्यासमोर ठेवून त्या बातम्या लिहिलेल्या असतात. तुम्ही दोन महिन्यांचा फरक बिनचूक टिपलात आणि शेजारच्या घरांत काय झालं तेही पाहिलंत. एवढी पारख त्या बातम्या लिहिणाऱ्यांतही क्वचितच असते. मुलगा पुढची बातमी पाठवील तेव्हा त्याला विचारा की हे किती वॅट घेतं, लाईट नसताना काय करतं आणि बिघडल्यावर इथे कोण येतं. त्याला या वर्षी खर्च करायचाच असेल तर व्होल्टेज प्रोटेक्टर, सर्ज प्रोटेक्शन, आरसीसीबी आणि मिनी यूपीएस, हे सारं पिशवीत मावतं. गणपतीला चार दिवस आधी येऊन वायरमनशेजारी उभं राहून त्याने ते बसवून घ्यावं. अर्थिंगच्या खड्ड्याला मात्र गणपतीपर्यंत थांबू नका. आणि सेलवर चालणारा एक रेडिओ घरात असू द्या. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत कित्येक दिवस लाईट नव्हती, टॉवरच्या बॅटऱ्याही संपल्या होत्या. अशा वेळी बातमी कानावर पडते ती रेडिओवरूनच.

ता. क.चं उत्तर : हो, खरं आहे. अ‍ॅपलने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की फोन तांदळात ठेवू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याचा कोंडा आणि कणी चार्जिंगच्या भोकात जाते. फोन बंद करा, चार्जरला लावू नका, कव्हर आणि सिमचा ट्रे काढा, चार्जिंगचं भोक खाली करून हातावर हलकेच आपटा आणि पंख्याखाली उभा ठेवून द्या, निदान दिवसभर. केस वाळवायच्या गरम यंत्राने वाळवू नका. समुद्राच्या पाण्यात पडला असेल आणि तो पाणीरोधक असेल, तर आधी, सिमचा ट्रे न काढता, नळाच्या साध्या पाण्याने हलकेच धुवा, मग वाळवा. त्याची चाचणी गोड्या पाण्यात झालेली असते आणि मीठ आत राहिलं तर ते चार्जिंगच्या पिना खातं. साधा फोन खाऱ्या पाण्यात पडला तर बंद करून त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या, कारण दुसऱ्या दिवशी तो चालू झालेला दिसला तरी आत गंज सुरू झालेला असतो.